मालिसच्या नावाचा नैवेद्य

मिंग येनच्या, म्हणजे आमच्या येनमावशीच्या, हातच्या शेवया खायच्या तर सकाळी लवकर जावं लागतं, आणि बोलणी खायचीही तयारी ठेवावी लागते. तांदळाच्या ताज्या शेवया, त्यावर माशाचा हिरवा रस्सा, वर चिरलेलं केळफूल. वाडगा हातात देता देता ती तुमच्या शर्टावर, नाहीतर बायकोवर, नाहीतर तुम्ही काल किती प्यालात यावर एक टोला हाणणारच. सांके नदीच्या काठच्या आमच्या गावात शेवया विकणाऱ्या आणखी दोघी आहेत. त्या फार गोड बोलतात. दुपार झाली तरी त्यांच्या टोपल्या भरलेल्याच असतात.

माझं नाव कोसाल. धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो की मर्तिक, मंडप, खुर्च्या आणि कर्णे माझे. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आत कर्णे सुरू झाले नाहीत तर मुलीच्या बापाला लग्न झाल्यासारखं वाटत नाही. शेजाऱ्यांची झोप मोडली पाहिजे, कोंबड्यांनी माना टाकल्या पाहिजेत, तेव्हा कुठे शोभा. त्यामुळे गाण्याच्या कॅसेटींचा माझ्याकडे ढीग आहे, आणि त्या ढिगात सर्वांत झिजलेली कॅसेट तेप मालिसची.

तेप मालिस कोण, हे आमच्या भागात कुणी विचारत नाही. लढाईच्या आधी बात्तामबांगच्या नदीकाठच्या हॉटेलात ती गायची, रेडिओवर गायची. तिचं होडीवाल्याला हाक मारणारं गाणं ऐकून माझ्या वडिलांनी हातातला नांगर थांबवल्याचं आई अजून सांगते, आणि सांगताना चिडते. पोल पोतच्या काळात मालिस मेली, हेही सर्वांना ठाऊक होतं. गाणाऱ्यांना त्या लोकांनी कुठं जिवंत ठेवलं? कॅसेटवर फोटो आहे तोही तिचा नव्हे. कुठल्याशा थाई कॅलेंडरवरची बाई कापून चिकटवली आहे.

एकदा सकाळी मी मिंग येनच्या चुलीशेजारीच कर्णा तपासत बसलो होतो. बॅटरी उतरलेली, त्यामुळे मालिसचं गाणं ओढत ओढत चाललं होतं. मिंग येनने रस्सा ढवळता ढवळता तोंड वाकडं केलं.

"अरे, ती बॅटरी बदल की मेल्या. इतकं रडत मी जन्मात गायले नव्हते."

पळी थांबली. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"काय बघतोस? शेवया खायच्यात की वाडगा चाटायचाय?"

बाकीचे लोक खाऊन उठून गेले, तरी मी हललो नाही. "मिंग," मी म्हणालो, "मी म्हणजे कोण?"

तिने आधी मला शिव्या दिल्या. मग माझ्या बापाला दिल्या. मग खाली बसली आणि पानाचा विडा जुळवत, माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. त्या काळात तिने आपलं गावाकडचं नाव सांगितलं, येन. अडाणी आहे, शेवया विकते, असं सांगितलं. ते दिवस संपेपर्यंत ती गायली नाही, मोठ्याने हसली नाही, कुणाला लांबून हाकसुद्धा मारली नाही. पाण्यात उभं राहून बांध घालताना ताप भरला, तो उतरता उतरता घसा घेऊन गेला. नवरा आणि मुलगी तेव्हाच गेली. त्याबद्दल ती एवढंच म्हणाली, आणि मीही पुढे कधी विचारलं नाही. परत आली ती शहरात न जाता आमच्या गावात आली, कारण इथं तिला चेहऱ्याने कुणी ओळखत नव्हतं.

"पण आता कशाची भीती, मिंग? आता कोण मारणार आहे तुला?"

"भीती कसली? अरे, हा आवाज ऐक." ती घसा खरवडल्यासारखी बोलायची ते आम्हाला सवयीचं झालं होतं. "बेडूक बरा. आणि तिकडं लोकांच्या घराघरात मालिस बसली आहे. तरणी, दात शाबूत, गळ्यात मध. पोरं तिच्या गाण्यावर प्रेमात पडतात. एकदा का मी तोंड उघडलं की ती मेलीच समज. तिला मी माझ्या हाताने मारू? तिच्याशिवाय माझं उरलंय काय?"

मला तिचा राग आला, आणि खरं सांगतो, तेवढीच मायाही दाटून आली. एवढी मोठी बाई माझ्यासमोर उकिडवी बसून सुपारी कातरत होती, आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. कारण उठताना तिने पळी माझ्या नाकासमोर धरली. "सांगितलंस कुणाला, तर उकळता रस्सा डोक्यावर ओतीन."

मी तोंडात मूग धरून बसलो. बायकोलाही सांगितलं नाही, यावर माझ्या ओळखीचा कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिच्याबद्दल आणखी सांगायचं तर, जो तिला आवडतो त्याला शिव्या जास्त आणि रस्साही जास्त. विधवांना वाडगा फुकट, पण "उरलंय म्हणून देते" असं म्हणून. पीठ मळताना तिचा पाय आपोआप ताल धरायचा, आणि कुणी बघतंय असं वाटलं की लगेच पायाला मुंगी चावल्यासारखा झटकायची. लग्नात कुणी नवशिका गायला लागला की ती चुलीमागून माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवायची. तेवढ्यात त्या बिचाऱ्याचं सगळं परीक्षण होऊन जायचं. मला ते फार आवडायचं.

मग सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून बोरिन परत आला.

सेंग बोरिन पूर्वी मालिसच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचा आणि तिच्यामागे दुसरा आवाज लावायचा. गाणं त्याला तिनेच शिकवलेलं. लढाईनंतर तो अनेक वर्षं छावणीत अडकला होता. परत आल्यावर त्याने लग्नात गाणारी मंडळी जमवली आणि कर्ण्यांसाठी माझ्याकडे आला. पन्नाशीकडे झुकलेला, केस काळेभोर रंगवलेले, नजर अधू, पण मंचावर चष्मा घालायचा नाही, कारण मिरवायची हौस. माणूस मनाचा चांगला. मी त्याला बाँग म्हणायचो; थोरला भाऊ असो की थोरली बहीण, आमच्याकडे दोघांना बाँगच म्हणतात.

आमच्याकडे गाणारा माणूस गुरूंना नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही. केळी, मेणबत्त्या, सुपारी, तांदळाची दारू आणि उकडलेली कोंबडी मांडायची, आणि गेलेल्या गुरूंना नावाने हाक मारायची. ते येतात, नैवेद्य घेतात, गळ्यापाशी बसतात, मग गाणं चालतं. विसरलात तर घसा अडलाच. बोरिनच्या गाण्याचं आमच्या गावातलं ते पहिलं लग्न होतं. माझे कर्णे चालू, अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि तो हात जोडून माइकमध्ये म्हणाला, "माझ्या गुरू तेप मालिस, तुम्ही जिथं असाल तिथून या. हा नैवेद्य गोड मानून घ्या."

त्या लग्नात शेवयांचं काम मिंग येनकडे होतं. मी मंडपामागे धावलो. ती क्रामा, म्हणजे आमचा चौकड्यांचा पंचा, नाकापर्यंत गुंडाळून पडद्याच्या फटीतून बघत होती. डोळ्यांत पाणी होतं.

"कोंबडीची एक तंगडी कुठं गेली?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसालाही फसवतो, चोर."

मला इतकं हसू आलं की मी तिथंच खाली बसलो.

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. पूजा आटोपली की नैवेद्याची कोंबडी माणसांनी खायची असते. मी ताट मागे न्यायचो आणि मिंग येन आपला वाटा काढून घ्यायची. "माझाच तर आहे," म्हणायची. बोरिन तिथून चार पावलांवर उभा असायचा, पण त्याला चष्म्याशिवाय चुलीमागची बाई म्हणजे नुसता धूर. तीही पंचा कधी खाली करायची नाही. हा खेळ दोन-तीन वर्षं चालला.

"मिंग, जिवंत माणसाला मेलेल्यांचा नैवेद्य दाखवणं वाईट नव्हे का?"

"वाईट कसलं? मेल्यावर लोक किती छान बोलतात ऐकलंस ना? जिवंतपणी मला हाच बोरिन टवळी म्हणायचा. पाठीमागं म्हणायचा, पण मला ऐकू यायचं."

मग एका दुपारी बोरिन माझ्या दुकानात आला आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला.

"कोसाल, मला बाँग मालिसचं कार्य करायचंय. मेलेल्याचं. विहारात भिक्खू बोलावून, सगळं रीतसर. तिला चिता मिळाली नाही, अस्थी मिळाल्या नाहीत. ती अजून अडकून पडलीये."

"एकदम आत्ताच का, बाँग?"

"मला गाता येईनासं झालंय. तिचं होडीचं गाणं. तिसऱ्या ओळीवर गळा बंद होतो. बाकी सगळं गातो, तेवढंच गाता येत नाही. ती माझ्यावर चिडलीये. ती गाऊ देत नाही."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. पण तो बोलतच राहिला. पोल पोतच्या लोकांनी शहर रिकामं करवलं तेव्हा तो आणि मालिस एकाच रस्त्याने चालले होते. तिला ताप भरला, ती ताडाच्या झाडाखाली आडवी झाली. तो औषध शोधायला पुढे गेला, आणि बंदूकवाल्यांनी त्याला दुसऱ्याच रस्त्याला ढकललं. दोनदा मागं वळला, दोनदा मार खाल्ला. तिसऱ्यांदा वळला नाही.

"वळायला हवं होतं," तो म्हणाला. "ती वाट बघत मेली, कोसाल. झोपेत मला ते झाड दिसतं. तिचं तोंड दिसत नाही, नुसते पाय दिसतात."

जाता जाता म्हणाला, शेवया त्याच बाईच्या ठेव, छान करते.

मी दुकान उघडं टाकून मिंग येनकडे गेलो. सगळं सांगितलं. ती शेवया पिळण्याच्या साच्यावर भार देऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"वेडाच आहे," ती शेवटी म्हणाली. "मला एका म्हातारीने बैलगाडीत घातलं होतं. तो वळला असता तर तोही गेला असता."

"मग हे त्याला जाऊन सांग."

"तू सांग."

"काय म्हणून सांगू? मिंग, तो स्वतःला खुनी समजतोय. आणि तू त्याची कोंबडी खातेयस."

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला. मग ती बोलली तेव्हा आवाज आणखीच खरखरला.

"त्याच्या कानात माझा आवाज आहे, कोसाल. खरा, कॅसेटवरचा नव्हे. असा कान आता जगात एकच उरलाय. तिथंसुद्धा हा बेडूक जाऊन बसू दे म्हणतोस?"

तिने माझा अर्धा भरलेला वाडगा उचलून कुत्र्यापुढे ओतला. "झालं असेल तर ऊठ."

कार्याच्या दिवशी सकाळी विहाराच्या अंगणात चटई घातली होती. भिक्खू ओळीने बसले होते, समोर पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं. दूर कडेला मिंग येनची चूल. बोरिनने फोटोसाठी कॅसेटवरचं तेच चित्र मोठं करून आणलं होतं. ते बघून मिंग येन पंच्यातून पुटपुटली, "ही कोण भवानी?" मी हसलो, पण माझा जीव टांगणीला लागला होता. ती येईल की नाही याचीच मला खात्री नव्हती. ती आली होती, पण नुसती शेवया घेऊन.

मंत्र सुरू होण्याआधी बोरिनला ते गाणं म्हणायचं होतं. एकदा तरी पुरं म्हणून तिला निरोप द्यायचा, असं त्याने आचार्यांना सांगून ठेवलं होतं. आचार्य म्हणजे आमच्या विहारातले कार्य चालवणारे म्हातारे गृहस्थ, फार काटेकोर. त्यांनी माइक त्याच्या हातात दिला. पहिली ओळ छान गेली. दुसरी गेली. तिसरीच्या मध्यावर त्याने श्वास घेतला आणि तो तिथेच अडला. पुन्हा धरली, पुन्हा अडला. कर्ण्यांमधून नुसती गुणगुण येत राहिली. लोक माना खाली घालून बसले. बोरिनचे खांदे हलायला लागले.

तेव्हा चुलीकडून आवाज आला. फाटका, चिरका, मध्येच नुसती हवा. पण तिसरी ओळ होती.

लोकांनी वळून बघितलं आणि हशा पिकला. का नाही पिकणार? मर्तिकाच्या कार्यात शेवयावाली म्हातारी पळी हातात घेऊन रेकत होती. "मिंग, रस्सा बघा, करपेल," कुणीतरी ओरडलं. एका पोरीने तोंडावर पंचा घेतला. मिंग येनला ते सगळं ऐकू गेलं. तिचा चेहरा लालबुंद झाला, मान ताठ झाली, पण ती थांबली नाही. सबंध ओळ तिने एका श्वासात शेवटापर्यंत नेली आणि मग खोकत खोकत खाली बसली.

बोरिन हसला नव्हता. त्याने खिशातून चष्मा काढला, कानाला अडकवला, आणि लोकांमधून वाट काढत चुलीकडे निघाला. ती त्याच्याकडे बघत होती. पंचा खाली आला होता.

"तिथं श्वास घ्यायचा नाही, म्हणून तुला किती वेळा सांगितलं?" ती म्हणाली. "म्हणून अडतोस. मी कशाला अडवू तुला?"

बोरिन राखेतच गुडघे टेकून बसला आणि त्याने कपाळ तिच्या पायांवर ठेवलं.

"बाँग, मी वळलो होतो. दोनदा वळलो होतो."

"माहीत आहे."

"तिसऱ्यांदा..."

"तिसऱ्यांदा वळला असतास तर आज माझ्यासाठी कोंबड्या कुणी कापल्या असत्या? ऊठ. चांगली विजार खराब करतोयस."

तो उठला नाही. तिने त्याच्या रंगवलेल्या केसांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी माइकच्या वायरीशी उगाच खटपट करत होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

लोकांना काही उमगत नव्हतं. शेवयावाली बोरिनची कोण, आई की सासू, अशी कुजबुज चालली होती. आचार्यांना मात्र उमगलं होतं आणि ते संकटात पडले होते. भिक्खू येऊन बसलेत, कापड मांडलंय, आणि जिच्यासाठी मांडलं ती बाई खोकतेय.

"भंते," ते मुख्य भिक्खूंना म्हणाले, "आता या कापडाचं काय करायचं?"

भंते वयस्कर होते, आणि मिश्कील. "कापड आहे, आम्ही आहोत, माणूस तेवढं नव्हतं," ते म्हणाले. "तेही आलं. मेलेल्याचे मंत्र राहू द्या, जिवंताचे म्हणू. उपासिके, या, आडव्या व्हा."

असं आमच्याकडे करतात. कुणाच्या मागे फार पीडा लागली की त्याला प्रेतासारखं निजवायचं, वर पांढरं कापड घालायचं, आणि भिक्खूंनी कापडाची कड धरून मंत्र म्हणायचे. मग कापड ओढून काढलं की माणूस नव्याने जन्माला आला असं समजायचं. मिंग येन रस्सा लागलेल्या कपड्यांनिशीच चटईवर आडवी झाली. हात छातीवर जोडले. कापड चेहऱ्यावरून गेलं तेव्हा बोरिन तिच्या पायाशी बसून होता, त्याची नजर त्या पायांवरून हलत नव्हती. मंत्र सुरू झाले. कापडाखालून मधूनमधून खोकला येत होता, आणि दर खोकल्याला बोरिन दचकत होता.

कापड निघालं. ती उठून पूर्वेकडे तोंड करून बसली, केस विस्कटलेले, डोळे ओले.

आचार्यांनी माइक हातात घेतला. नव्याने जन्मलेल्याला आशीर्वाद द्यायचा तर नाव लागतं. "आशीर्वाद कुणाच्या नावाने द्यायचा?" त्यांनी विचारलं.

"येन," मागून पाच-सहा जणांनी सांगितलं. "मिंग येन. विचारायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, बोरिनकडे बघितलं. मग हात लांब करून तिने आचार्यांच्या हातातून माइक काढून घेतला, आणि माझे चारही कर्णे विहारापासून नदीपर्यंत बोलले.

"तेप मालिस," ती म्हणाली. "आणि आवाज आता हा असाच आहे."